शाळेच्या फाटकाखालचा जोड

आप्पा, तुम्ही बांधलेला केबलचा एक जोड गेल्या सोमवारी फुटला. नाते गावाच्या रस्त्याला, बसथांब्याजवळचा. जमिनीखाली धडाका झाला, फरशी उडाली आणि शेजारी भाजी घेऊन बसलेल्या मावशींचा पाय भाजला. तुमचा एकही जोड कधी गेला नाही, असं पोलादपूरपर्यंतचे वायरमन अजून सांगतात, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी. ते ऐकून मी फुगायचे. सोमवारी मात्र खड्ड्यात उतरून तो जोड मीच उघडला.

हा जोड आणि त्याच्या पुढचा एक आपण बांधला, तेव्हा मे महिना होता. मी आयटीआय करून नुकतीच तुमच्या हाताखाली आलेली. मनगटांना जुन्या धोतराच्या सुक्या पट्ट्या बांधल्याशिवाय तुम्ही कुणाला सोललेल्या केबलला हात लावू द्यायचा नाहीत. माझ्या पट्ट्या घामाने चिंब झाल्या होत्या आणि बदलायला पिशवीपर्यंत जायचा मला कंटाळा. तुम्ही मान वर न करता विचारता, "हात पुसलास काय गो? घामाचा थेंब आत ऱ्हायला तर आज काय होनार नाय. आपन नसू तवा होईल." मी म्हणते, "पुसले." पुसले नव्हते. दोन्ही जोडांच्या वेळी नव्हते. त्यावर तुम्ही इतकी घट्ट, इतकी देखणी टेप गुंडाळलीत की माझं खोटं तिच्याखाली कायमचं झाकलं गेलं, असं मला वाटलं.

तो ओलावा इतकी वर्षं विजेच्या दाबाखाली आतलं आवरण पोखरत होता. सोमवारी टेप सोडवली तर खाली जळाल्याच्या काळ्या बारीक मुळ्या पसरलेल्या, थेट तारेपर्यंत.

दुसरा जोड प्राथमिक शाळेच्या फाटकाखाली आहे. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी लाइन बंद करून मेगर, म्हणजे आवरण तपासायचं यंत्र, लावला. "रीडिंग उत्तम आहे मॅडम, चांगला रस्ता कशाला फोडायचा?" मेगर आजचं सांगतो, महिन्यानंतरचं नाही. पण खोदायला लावायचं तर कारण द्यायला हवं, आणि नोंदवहीत दोन्ही जोडांपुढे तुमचं नाव आहे. गप्प राहिले तर एका जोडाचा डाग तुमच्यावर, बोलले तर दोन्हींचा माझ्यावर. मला स्वतःचीच लाज वाटली, आप्पा, आणि भीतीही.

शुक्रवारी दुपारी अर्जात सगळं लिहिलं. संध्याकाळच्या आत खोदलं. मुळ्या तिथेही होत्या, तारेपासून नखभर अलीकडे थांबलेल्या. साहेबांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं, वेळेवर सांगितलंत."

वेळेवर नाही. मंगळवारपासून रोज सकाळी मी त्या फाटकासमोर स्कूटर लावून उभी राहत होते. शेवटचं पोर आत गेलं की ऑफिसला जात होते.