सेल्वीचं नवं चिन्ह

मंगळवार, अंबत्तूर

आज वॉर्डाचं मतदान झालं. दिवसभर जीव टांगणीला, तोही आईच्या बोटापायी!

तिला तमिळ वाचता येत नाही. त्यामुळे दर निवडणुकीला मीच तिला पढवते, घागरीसमोरचं बटण दाब. घागर म्हणजे आमच्या नगरसेविकेचं, शेजारच्या सेल्वीचं चिन्ह. पण यंदा सेल्वीनं पक्ष सोडला, अपक्ष उभी राहिली आणि चिन्ह झालं शिलाई मशीन. पक्षाचं तिला ठाऊक होतं, पण नवं चिन्ह सांगायचंच मी विसरले! आठवलं तेव्हा ती शाई लावून बाहेर आली होती.

विचारायचा धीर होईना. पक्ष सोडणाऱ्यांना ती टीव्हीसमोर बसून शिव्या घालते. मुद्दाम घागर दाबली असेल तर?

संध्याकाळी चहा देताना विचारलंच. ती वैतागली. "चिन्ह कशाला बघू? सेल्वीचा फोटो होता की! पुरात कमरेएवढ्या पाण्यातून माझ्या गोळ्या तिनं आणल्या, पक्षानं नाही."

हुश्श! बाकीचे तिला मत देतील का, कुणास ठाऊक. आमच्या घरची दोन तर पडली.

मग तिनंच विचारलं, "तू नीट दाबलंस ना?"

"हो," म्हटलं. खोटं नाही. पण माझंच बोट सवयीनं आधी घागरीवर गेलं होतं, हे काही तिला सांगितलं नाही.