डाव्या हाताचा साचा

मी, अश्विनी वेंकटेश पतंगे, वय सेहेचाळीस, राहणार दाजीबानपेठ, हुबळी, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. पुढच्या आठवड्यात माझं पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर साधं म्हणतात. माझे पती वेंकटेश यांचंही साधंच होतं. त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं आणि त्यापायी घरात बरंच बोलणं झालं, म्हणून मी लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. दाजीबानपेठेतल्या घराचा माझ्या नावावरचा वरचा मजला सासूबाई सुशीला यांना हयातभर राहण्यासाठी असावा. त्यांच्यामागे तो माझी धाकटी बहीण मनीषा हिला मिळावा. आम्हाला मूल नाही.

२. बँकेतली ठेव सासूबाईंच्या औषधपाण्याला. उरेल ते आणि दागिने मनीषाला. मंगळसूत्र मी अजून घालते. शेवटी ते काढायचं की नाही, हे तेव्हा जे असतील त्यांनी ठरवावं. मला दोन्ही चालेल.

३. गोकुळ रोडवरची शेड भाड्याची आहे. तिथे आम्ही कॉलेजांसाठी माणसाच्या त्वचेची मॉडेलं करतो. एक मोठं, टेबलावर ठेवायचं: वरची पातळ त्वचा, खालची जाड त्वचा, त्याखाली पिवळी चरबी, मध्ये केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी. दुसरं मॉडेल म्हणजे रबरी हात, खऱ्या हाताएवढा, कोपरापासून बोटांपर्यंत. मनगटाच्या वर आतल्या अंगाला चौकोनी खाच आहे, तिच्यात त्वचेच्या थरांचा तुकडा बसतो. सुई कोणत्या थरात थांबवायची, हे नर्सिंगच्या मुली त्यावर शिकतात. दीर गणपत यांची दाजीबानपेठेत कापडाची पेढी आहे. ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, "सात पिढ्या कापड विकलं आपण. तुम्ही कातडं विकायला निघालात." त्यांचं बोलणं मी लक्षात ठेवलं आहे, राग मात्र आता राहिलेला नाही. शेडमधली यंत्रं, रंग आणि मोठ्या मॉडेलाचे साचे गोदावरीला द्यावेत. ती अळणावरहून रोज गाडीने येते आणि रंगाचं सगळं काम तीच करते.

४. आता हाताच्या साच्याबद्दल. हे मृत्युपत्र खरं तर एवढ्यासाठीच आहे.

तो हात यांचा, माझ्या पतींचा आहे. उजव्या हाताने प्लास्टर कालवता यावं म्हणून यांनी डावा दिला होता. हे गेल्यावरही ऑर्डरी येत राहिल्या, आणि आम्ही हात ओतत राहिलो. मनगटाजवळ यांना तीळ होता. कॉलेजांना हात स्वच्छ लागतो, म्हणून दरवेळी तो घासून काढावा लागतो. गोदावरी म्हणाली, "अक्का, हे तेवढं माझ्याच्यानं होत नाही. तुम्हीच घासा." मी घासते. मला घासताना काही वाटत नाही.

एक हात न घासता मी सासूबाईंना दिला. तो त्यांच्या कपाटात, साड्यांच्या घडीवर असतो. दिवाळीच्या पहाटे त्या त्याला तेल लावतात. तेलाने रबर चिकट होतं, खराब होतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

साच्याबद्दल घरात दोन मतं आहेत. गणपतभावजींनी तो घेणारा एक व्यापारी शोधून ठेवला आहे. सासूबाई म्हणतात, "माझ्या लेकराचा हात परक्यांच्या कपाटात का म्हणून? बाकीचा देह जाळला, हाही फोडून नदीत सोड." मी दोघांनाही "बघू" म्हणत आले.

गेल्या महिन्यात सासूबाईंना डोळे दाखवायला धारवाडला नेलं होतं. गाडीत एका नर्सिंग कॉलेजला द्यायचे हातही होते. उन्हात गाडीत बसवेना, म्हणून त्या माझ्याबरोबर आत आल्या. वर्गात एक मुलगी सुई घेऊन उभी होती. समोर आमचाच आधीचा हात होता. तिथे मुलींना मॉडेलाशीही रोग्याशी बोलावं तसं बोलायला शिकवतात. ती हात धरून म्हणाली, "अण्णा, स्वल्प चुच्चतैति, हेदरब्याड्री." थोडं टोचेल, घाबरू नका.

सासूबाई दारातूनच बोलल्या, "अंव हेदरूदिल्ल. माडव्वा." तो घाबरत नाही, कर गं बाई.

मुलगी हसली आणि तिने टोचलं. सुई खोल गेली. शिकवणाऱ्या बाईंनी तिला पुन्हा करायला लावलं. सासूबाई तिथेच बाकावर बसून राहिल्या, तिला जमेपर्यंत. मी खोकी उघडून माल दिला. वर्गात कोणीतरी नाक ओढत होतं. ती मी नव्हते. घरी येताना सासूबाई नदीचं काही बोलल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत.

म्हणून लिहिते: हाताचा साचा फोडू नये, विकू नये. तो गोदावरीला द्यावा आणि तिने त्यातून हात काढत राहावेत.

५. कॉलेजं बाईचा हातही मागतात. रविवारी मी माझा हात प्लास्टरमध्ये घालणार आहे. तो साचाही गोदावरीचा.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या.

"तुझा कशाला गं? तू हायस की."

"असतानाच घ्यावा लागतो, आई."

त्यांनी टरफलं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "आणि हात अडकलेला असताना नाकावर माशी बसली म्हणजे? ती गोदावरी प्लास्टर बघंल का माशी? मी येते रविवारी."

शेडमध्ये त्या आजवर कधी आलेल्या नाहीत.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे. गणपतभावजींना यात काही ठेवलेलं नाही, त्यामुळे साक्षीला त्यांच्यासारखा माणूस नाही, असं वकील म्हणाले. भावजींनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि पेन मागितलं.

सही: अश्विनी वेंकटेश पतंगे

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. गणपत पतंगे, कापड व्यापारी, दाजीबानपेठ
२. बाबाजी शिरोळे, शेजारी, दाजीबानपेठ

ठिकाण: हुबळी
तारीख: १७ जुलै २०२५