इंग्लंडचा दांडा आणि केजचं पाणी

केज, जि. बीड
१२ सप्टेंबर २००३

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

चि. विश्वेश्वर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? मागच्या पत्रात पाठीबद्दल एकच ओळ लिहून तू पुढच्या ओळीत हवामानाकडे वळलास, त्यावरून ती बरीच दुखते आहे हे मी ओळखलं. (मिठाच्या पुरचुंडीने शेकत जा. ओवा मिळत नसला तरी मीठ तिकडेही मिळत असेल.) प्रणिताला आणि मुलांना आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझ्या दाजींना डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ते गावात जिथे कुठे पूजा असेल तिथे प्रसादाला जातात, आणि भक्ती वाढली म्हणून लोक त्यांचं कौतुक करतात.

तुझा दांडा पोचला. तुझ्या अंबाजोगाईच्या मित्राने तो विमानातून सुखरूप आणला आणि पुढे एसटीत बसवून दिला. बसवून दिला म्हणजे मधल्या वाटेत आडवा ठेवला. अंबाजोगाई ते केज उतरणाऱ्या-चढणाऱ्या प्रत्येकाचा त्याला पाय लागला आणि प्रत्येकाने वाकून नमस्कार केला, त्यामुळे घरी येईपर्यंत त्याला देवाची पालखी असल्याचं तेज आलं होतं. तुझ्या भाच्याने, सोमेश्वरने, तो अंगणात उघडला. नळीतून नळी, त्यातून नळी, अशी निघत निघत तो बावीस फूट झाला आणि त्याच्या टोकाचा ब्रश शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या पापडांना लागला. तू सोबत लिहून पाठवलं होतंस की आतल्या पाइपमधून पाणी वर जातं, ब्रशने काच घासायची, त्याच पाण्याने धुवायची आणि तशीच सोडायची, पुसायची नाही. पाणी गाळायचं नळकांडं जड म्हणून मित्राने आणलं नाही, हेही लिहिलं होतंस. ती ओळ सोमेश्वरने वाचली नाही. त्याने बावीस फूट तेवढं वाचलं.

विशू, एक गोष्ट सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. केजमध्ये आजवर तुझी ओळख 'इंग्लंडला काचेच्या धंद्यात' अशी आहे. कारखाना कुठे आहे असं कोणी विचारलं की तुझे दाजी लगेच आत पाणी सांगतात. दांडा उघडल्यावर ती झाकली मूठ उघडली आणि तू तिकडे काचा पुसतोस हे गावाला कळलं. मला मात्र त्याची कधी लाज वाटली नाही. उलट तो ब्रश पाहिल्यावर मला सिरसाळ्याच्या आपल्या घरातली पहिली काच आठवली. मी कॉन्व्हेंटमधून दिवाळीला आले होते आणि खिडकीची फळी लावली की अंधार, उघडली की थंडी, अशी अप्पांजवळ कुरकुर केली. अप्पांनी कापसाच्या गाडीतून परळीहून एक काच आणली, आईच्या लग्नातल्या दुलईत गुंडाळून. तू तीन वर्षांचा होतास. दिवसभर काचेला नाक लावून उभा राहिलास आणि संध्याकाळी ती चाटून पाहिलीस. आई रोज सकाळी राखेने काच लख्ख करायची, पण खालचा वीतभर भाग सोडून. तिथे तुझं नाक असायचं. तू शाळेत जायला लागलास तेव्हा कुठे तिने तेवढा भाग पुसला, आणि त्या दिवशी तिचे डोळे राखेने लाल झाले असं तिने आम्हाला सांगितलं.

असो. आता इकडचं सांगते. तू गेलास तेव्हा केजच्या बाजारात दुकानांना लाकडी फळ्या होत्या. आता ज्याच्या हातात चार पैसे आले तो पुढच्या बाजूला काच बसवतो. सोमेश्वरनेही दाजींचं कापडाचं दुकान पाडून तीन मजली शोरूम बांधलं आहे, पुढे चौसष्ट निळ्या काचा. (बाहेरून आकाश दिसतं. आतून बाराही महिने वैशाख.) या काचा रुक्मिणीबाई पुसते. दवाखान्याच्या, मंगल कार्यालयाच्या आणि बँकेच्याही तीच. शिडी, अर्धी बादली पाणी, जुन्या धोतराचं फडकं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकलेली एक फळी, एवढंच तिचं सामान. फडक्याने काच ओली करते, फळी वरून खाली एका दमात ओढते, पट्टीचं रबर पदराला पुसते आणि पुन्हा ओढते. शेवटी वर्तमानपत्राच्या बोळ्याने कडा. अर्ध्या बादलीत एक मजला. या गावात आठ दिवसांनी नळ येतो, तिथे अर्धी बादली म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको.

मला तिला पाहत बसायला फार आवडतं. हैदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी दुपारी सिस्टर अगाथा अशाच काचा पुसून घ्यायच्या. एका खिडकीला दोन मुली, एक आत, एक बाहेर, दोघींच्या हातात जुनं वर्तमानपत्र. शाईचा आणि ओल्या कागदाचा तो वास अजून आला की मी पंधरा वर्षांची होते. डाग राहिला की तो नेहमी पलीकडच्या मुलीच्या बाजूला असायचा. दोघी एकमेकींकडे बोट दाखवायच्या आणि सिस्टर म्हणायच्या, दोघीही पुन्हा पुसा. आयुष्यातली बहुतेक भांडणं मी त्यानंतर याच पद्धतीने मिटवली आहेत. (तुझे दाजी सोडून. ते पुसतच नाहीत.)

दांडा आला आणि सोमेश्वरने जाहीर केलं की आता शिडी नको आणि रुक्मिणीबाईही नको, कामावरचा कुठलाही माणूस जमिनीवर उभा राहून काचा धुवील. मला आधी दसरा आठवला. तुला ठाऊक आहे, दसरा झाला की इकडची निम्मी गावं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. रुक्मिणीबाईचा नवरा सटवा सात वर्षं गावात राहिला तो तिच्या काचांमुळे. आणि तिचा गुडघा असा आहे की बसली की उठताना भिंत धरावी लागते. उसाच्या फडात भिंत कुठून आणायची? मुकादम बबनराव दोनदा येऊन गेला होता. दसऱ्यापर्यंत सांगा, म्हणाला. सोमेश्वरने सोडलं की बाकीचे तिघेही सोडणार, कारण केजमध्ये आधी एकजण करतो आणि मग सगळे म्हणतात आमच्या मनात होतंच.

पहिल्या दिवशी सोमेश्वरने गच्चीवरच्या टाकीतलं बोअरचं पाणी दांड्याला जोडलं. बाजार बघायला जमला. पाणी काचांवरून झुळझुळ खाली आलं आणि खरं सांगते, फार सुंदर दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू लिहिल्याप्रमाणे पुसायचं नव्हतं, म्हणून सगळे चहा प्यायला गेले. उन्हात काचा वाळल्या आणि चौसष्टच्या चौसष्ट पांढऱ्या झाल्या, ठिपके ठिपके, थर थर. दाजी रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "आपल्या इमारतीनं भस्म लावलं. आता हिला लिंगदीक्षा देऊन टाका."

मला वाटलं, आता आपली वेळ. मी वर्तमानपत्राचा बोळा घेऊन शिडीवर चढले. (हसू नकोस. वय अठ्ठावन्न, अंगावर इरकल.) चौथ्या पायरीवर पोचून मी बाजाराला सिस्टर अगाथांची पद्धत दाखवायला लागले. डाग हलेना. मग माझे पाय हलायला लागले. वर जाता येईना, खाली येता येईना. खालून तुझे दाजी ओरडले, "वर गेलीच आहेस तर बोर्ड वाकडा आहे का बघ!" शेवटी रुक्मिणीबाईने एक एक पाय धरून मला उतरवलं. तिने काचेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि सोमेश्वरला म्हणाली, "मालक, ह्ये पाणी कावून वापरलं? ह्या पान्यात तुरीची डाळ बी शिजत न्हाई. घरात आईला इचारायचं की." विशू, तीस वर्षं मी त्या पाण्याला शिव्या देत डाळ शिजवते आहे आणि मला हे सुचलं नाही. ते डाग चिंचेच्या कोळाने काढायला तिला तीन दिवस लागले.

तोवर सोमेश्वरने तुझी चिठ्ठी पूर्ण वाचली होती आणि क्षार नसलेलं पाणी कुठे मिळेल याचा शोध लावला होता. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी! त्याने केजमधले सगळे कॅन उचलले, कापसावर औषध मारायच्या पंपात ते ओतलं आणि दांड्याला जोडलं. (पंप तीन वेळा धुतला होता म्हणे. दोन बायका साड्यांचा वास घेऊन खरेदी न करता निघून गेल्या.) पण खरं ते खरं. काचा न पुसता वाळल्या आणि असल्या निघाल्या की एक चिमणी येऊन आपटली. मी निमूटपणे आत गेले. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ जीपवाला दारात उभा. केज ते युसूफ वडगाव जिपा चालतात त्यातली एक त्याची. "अक्का, आमच्या बॅटऱ्या कोरड्या पडल्या. पाशिंजर गाडीत कमी आन् धक्क्याला जास्त हायती. तुमच्या काचा बॅटरीचं पाणी पित्यात व्हय?" त्याच्यामागे आणखी चार जीपवाले होते, आणि त्यांच्यामागे एक नवरदेव, ज्याला सिरसाळ्यापर्यंत जीप ढकलत जावं लागलं होतं.

त्या संध्याकाळी मी रुक्मिणीबाईला चहा दिला आणि तिची समजूत घालत बसले. म्हटलं, हाताने काच पुसण्यात जी माया आहे ती या दांड्यात नाही. पुसणाऱ्याचा चेहरा काचेत दिसतो, काच आणि हात यांची ओळख असते, वगैरे. बरंच चांगलं बोलले मी. तिने बशी खाली ठेवली. "अक्का, तुमाला खालून लई गोड दिसतंय. चार पायऱ्यांवर तुमचे पाय लटपटले. म्या रोज वीस चढते. मला त्यो दांडा द्या."

दुसऱ्या दिवशी पाऊस झाला. तिने सटवाला मागच्या पत्र्याच्या शेडच्या पन्हाळीखाली पिंपं लावायला सांगितली. आधी त्या पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजवून पाहिली. लोण्यासारखी शिजली. मग पंप स्टुलावर ठेवला, सटवा पंपाची दांडी हलवायला बसला आणि ती जमिनीवर उभी राहिली. विशू, तू असायला हवा होतास. सोमेश्वरच्या हातात जो दांडा वाऱ्यावरच्या बांबूसारखा डुलायचा तो तिच्या हातात सरळ उभा राहिला. वरची चौकट आधी, मग काच, मग धुणं. कुठे किती पाणी हवं ते तिने खालून ओळखलं, कारण प्रत्येक काच तिला नाव घेऊन ठाऊक होती. दोन पिंपांत तीन मजले झाले. (अर्धी बादली ती अर्धी बादलीच, हे मी अजूनही म्हणते. पाऊस नसेल त्या महिन्यांत पुन्हा फडकं आणि फळीच, हे तिलाही मान्य आहे. तेव्हा शिडीवर सटवा चढेल.)

आता खरी अडचण ऐक. तिने काम इतकं सहज केलं की सोमेश्वरला ते सोपं वाटलं. पावसाचं पाणी भरायचं आणि दांडा धरायचा, त्याला रुक्मिणीबाई कशाला, असं तो काल जेवताना म्हणाला. पोरगा वाईट नाही. त्याने काच कधी पुसलेली नाही, एवढंच. मी त्याला भाकरी वाढली. आईचं त्याला पटत नाही, परदेशाहून आलेलं पटतं. सगळ्या घरांत असंच आहे, मी मनावर घेत नाही.

बाकी सर्व ठीक. पाठीला जप. थंडीत कामावर जाताना आतून लोकरीचं घाल.

तुझी,
अक्का

ता. क. तुझा दांडा फार उत्तम आहे. वर कुठे मी त्याच्याविरुद्ध लिहिलं असेल तर ते पहिल्या आठवड्यातलं समज.

ता. क. दुसरा : सोमेश्वरला तू एक पत्र लिहावंस असं मनात होतं. इंग्रजीत, कंपनीच्या छापील कागदावर, की हा दांडा फक्त परीक्षा दिलेल्या माणसानेच वापरायचा, आणि केज तालुक्यासाठी ती परीक्षा सौ. रुक्मिणीबाई सटवा यांनी दिली आहे, मदतनीस पतीसह. पण टपालाला बारा दिवस जायला आणि बारा यायला. दसऱ्याच्या आत काही ते येत नाही.

ता. क. तिसरा (दुसऱ्या दिवशी) : म्हणून मीच लिहिलं. दांड्याच्या खोक्यात तुझ्या कंपनीचा एक कोरा छापील कागद निघाला. इंग्रजी माझं अजून बरं आहे, आणि तुझी सही मी तू चौथीत असल्यापासून करते आहे. आज सकाळी सोमेश्वरने पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि रुक्मिणीबाईला 'मॅडम' म्हणाला. बबनराव मुकादमाला सटवाने नाही सांगितलं. दसऱ्याला सोमेश्वर तुला फोन करणार आहे. तेव्हा गडबडू नकोस. परीक्षा कुठे झाली असं विचारलं तर सांग, केजला, बाजारात, सगळ्यांसमोर, आणि माझी अक्का परीक्षक होती. विशू, यात एक शब्द खोटा नाही. फक्त 'हो' म्हण.