कापणीवाल्याचा चेहरा

३ जानेवारी १९९९
रोजनिशी पुन्हा सुरू. संकल्प एकच: स्वतःशी खोटं लिहायचं नाही.
घरमालकीण सईदाचाचींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस तारखेला. डावा डोळा. उजवा लहानपणीच देवीत गेलेला. आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. नाव मीच नोंदवलं, नेणार-आणणारही मीच.
पट्टी सुटेल तेव्हा शोकेसमधली चिनी मातीची बाहुली त्यांना लखलखीत दिसावी, म्हणून साफ करायला वर माझ्या खोलीत आणली. इंग्लिश पोर्सेलीन, शंभर वर्षांचं तरी असेल. काखेत पेंढी, हातात विळा, कापणी करणारा गडी. चाचींचे नवरे अयूबचाचा, त्यांनी बोटीवर नोकरीला असताना लिव्हरपूलहून आणलेला. चाची एवढंच म्हणाल्या, जपून.

४ जानेवारी, दुपारी
साबणानं जमेना. आई देवाची तांब्याची भांडी घासायची तसं आमसूल आणि राख घेतली. गालावरचा काळा ठिपका फार चिवट. शेवटी गेला. त्याच्याबरोबर गालाची लाली, भुवई आणि एक डोळाही गेला.
ही पद्धत तांब्यासाठी आहे, हे आधी लक्षात यायला हवं होतं. एम.ए. आहे मी.

५ जानेवारी
चाची सहज बोलल्या. तो ठिपका पाहूनच अयूबचाचांनी बाहुली घेतली. अगदी तिथेच त्यांना तीळ होता. चाचांचा फोटो घरात एकही नाही. त्यांच्या वडिलांना फोटो पसंत नव्हते, आणि पासपोर्टवरचा होता तो त्यांच्याबरोबरच बुडाला.
उद्या खरं सांगणार.

९ जानेवारी
सांगितलं नाही. ऑपरेशनच्या तोंडावर पेशंटला धक्का देणं बरोबर नाही.
पोस्टर कलर आणले. डोळा काढला. गडी कापणीला निघालेला वाटत नाही, दाढदुखीसाठी रजा मागायला आल्यासारखा दिसतो. पुसला. रोज अर्धा तास सराव केला तर वीस तारखेपर्यंत जमेल.

१८ जानेवारी
ऑपरेशन पुढे ढकललं. चाचींना किंचित खोकला आहे. खोकल्यानं टाके सुटू शकतात. निर्णय निव्वळ वैद्यकीय आहे. हे वाक्य दोनदा लिहून खोडलं. तिसऱ्यांदा ठेवलं.

२६ मार्च
चाचींची लेक समरीन बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. घरात तान्हं बाळ, त्यात डोळ्याचं पथ्य कोण सांभाळणार? चाचींनी विचारलं, मग कधी. म्हणालो, पावसाळा सरल्यावर.
"तुमी सांगाल तसं, सर. तुमाला जास्त कळतं."
ऐकून बरं वाटलं. वाटायला नको होतं.

२ मे
भुवई जमली. डोळा तिरळा.

१४ ऑगस्ट
चाचींचा डोळा दोन दिवस ठणकत होता. समरीन मला न विचारता त्यांना रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेली. मोतीबिंदू फार पिकला, आत प्रेशर वाढून नस गेली. आता ऑपरेशन करूनही दिसणार नाही. इतके दिवस का थांबलात, असं डॉक्टरांनी विचारलं म्हणे. हे तिनं मला जिन्यात सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली.
मी खोकल्याचं सांगितलं.

१६ ऑगस्ट
बाहुली घेऊन खाली गेलो. सगळं कबूल केलं. आमसूल, राख, तीळ. चाची नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बाहुली चाचपली आणि बाजूला ठेवली.
"एवढंच होय? नवरा पाठ असतो, सर. त्याला बाहुली कशाला?"
मग बाळाच्या नाकावरून, ओठांवरून बोट फिरवत राहिल्या.
"हिचं तोंड तेवढं बघायचं होतं. समरीन म्हणते, आजीवर गेलीय."
ऑपरेशन का लांबवलं, ते सांगायचं राहिलं. सांगणारच होतो. पण बाळाचा नुकताच डोळा लागला होता. बोललो असतो तर उठलं असतं.