मंडईचे फुटाणे

सिहोरा
१२ डिसेंबर २०२५

सूनबाई रुचिताले सासूचा जयभीम.

इकडं मी ठीक आहे. धान चुरून झाला, बांधीत लाखोरीचं पीक वर आलं. धर्मेंद्रचा खोकला गेला का? फोन केला नाही, कारण फोनवर माही जीभ मले विचारत नाही. चौथी शिकल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच.

दिवाळीनंतर रीनाले दोन दिवस ठेवून गेली, तवा तू खाण्याची यादी लिहून देली होती. फुटाणे नको, अख्खे शेंगदाणे नको, कडक गोळ्या नको, द्राक्षं चार फोडी करून. चहा नको, पुड्यातलं खारं नको, साखर कमी. वाचून मी हासली. म्हटलं, साडेतीन वर्षांच्या पोरीले का हवा चारू? तुहा नवरा चहात पोळी बुडवून वाढला. यादी क्यालेंडरमागं खोचली.

चहा मात्र नाही देला. "आजी, माझा चहा?" म्हणे. म्हटलं, दूध पे. "मग तू पण दूध पी." दोन दिवस मीनंही दूधच पेलं.

आता मंडईचं, आमच्या गावच्या जत्रेचं, लिहितो. तू शहरातली, तुले नाही समजाचं. मंडईत ज्या पोराच्या हाती फुटाण्याची पुडी नाही, त्याची आजी मेली असं लोक समजतात. मले मी जिवंत असल्याचं दाखवाचं होतं.

दंडारीच्या खेळात नाच्या धपकन पडला. रीना तोंडभर फुटाणे घेऊन हासली, अन् हासता हासता आवाज बंद. ओठ निळे. मी पाणी पाजाले गेली, एवढी अक्कल माही. बाबुलाल फुटाणेवाल्यानं तिले माह्या हातून ओढलं, मांडीवर पालथं घातलं, पाठीत हाणलं. फुटाणा बाहेर पडला. ते रडली तवा मी खाली बसली.

तुम्ही आले तवा मी म्हटलं, फुटाणे चंद्रकलेनं देले. शेजारीण, साऱ्या गल्लीच्या पोरांले काही ना काही देत राहते, म्हणून तिचंच नाव तोंडाशी आलं. तू तिच्या अंगणात जाऊन नाही नाही ते बोलली. चंद्रकला माह्याकडं पाहत होती. मी तांदूळ पाखडत राहिली.

तवापासून ते येत नाही. रोज सांजच्याले आपला पाट घेऊन येत होती. तुम्ही पण नाही आले. एका माणसाच्या भातासाठी घरातला सर्वात लहान गंजही मोठा पडते.

काल मी तिच्या घरी गेली. खरं ते सांगतलं. ते भाजी निवडत होती, मान वर नाही केली.

"मले का नवं सांगून राहिली, धुरपताबाई? मी तं मंडईच्या दिवशी तुमसरले होती."

"मंग रुचिताले काहून नाही बोलली?"

"बोलली असती तं तिनं पोरगी पुन्हा पाठवली असती का तुह्याकडं?"

तिनं चूप राहून माही नात राखली. मी हे लिहून घालवून राहिली, हे मले समजते.

यादी काढून चुलीजवळच्या भिंतीले चिकटवली. खाणारं कोणी नाही, तरी वाचतो. रीनाले पाठव असं म्हणत नाही. चंद्रकलेले फोन कर. नंबर धर्मेंद्रजवळ आहे. मले नाही केला तरी चालते.

खाली आजी लिहिलं होतं, ते खोडलं. लिहाचं का नाही ते तू पाहून घे.

धुरपता