एकोणिसावा टप्पा

प्रिय चिंगे,

तुझ्या लेकीचा सकाळी फोन आला, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. नकाशे तपासणाऱ्या विभागाची प्रमुख व्हायला तू नकार दिलास म्हणे. कारण काय, तर म्हणे ‘मी उतरवून घेताना चुका करते!’ सव्वीस वर्षं त्या टेबलावर घालवलेल्या बाईने असं म्हणावं? सोमवारी ती जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतील. तुला फोन करतोय, तर तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र, तेही लेकीच्या हाती.

या खुळाचं मूळ मला ठाऊक आहे. लहानपणी व्हिडिओ गेमच्या दुकानातल्या मशीनवरचा तो खोकी ढकलत जागेवर न्यायचा खेळ आपल्याला घरच्या हिरव्या पडद्याच्या कॉम्प्युटरवर हवा होता. तू खेळणाऱ्यांच्या मागे टाचा उंचावून उभी राहायचीस आणि एकेक टप्पा चौकटीच्या वहीत उतरवून आणायचीस. भिंत म्हणजे फुली, खोकं म्हणजे गोल. मी वहीत बघून ते नुसतं टाइप करायचो आणि तोरा मात्र असा, जणू खेळ मीच शोधून काढलाय. अठरा टप्पे झकास झाले. एकोणिसावा काही केल्या सुटेना. शेवटचं खोकं कोपऱ्यात जाऊन रुतायचं ते रुतायचंच. चार दिवस आपण त्या पडद्यापुढे डोकं आपटत होतो. आठवलं की अजून चिडचिड होते.

मग बाबांसमोर, माझ्या सगळ्या मित्रांसमोर, मी तुझ्यावर खापर फोडलं. धांदरट म्हणालो. तू वही माझ्यापुढे टाकलीस आणि पुन्हा म्हणून त्या दुकानाची पायरी चढली नाहीस. घरात तुझं नावच धांदरट पडलं. किराण्याची यादीसुद्धा बाबा तुझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे, आणि मी हसायचो.

चिंगे, तुझी वही बरोबर होती. एका ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा टाइप करायला मी विसरलो, आणि अख्खी ओळ एक घर डावीकडे सरकली. हे मला आज कळलेलं नाही. भांडणानंतर आठव्या दिवशीच कळलं होतं. मी गुपचूप दुरुस्त केलं, मित्रांकडून शाबासकी घेतली आणि तोंड शिवून बसलो. आधी लाज वाटली म्हणून, नंतर तू विसरली असशील अशी स्वतःची समजूत घालून. मला माफ करू नकोस हवं तर, पण उद्याच साहेबांकडे जा आणि हो म्हणून ये.

तुझाच,
दादा