थर्मास बाहेर नेता येणार नाही

सोमवार, ४

आज माझ्यावर घोर अन्याय झाला! शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर, नेमका सोनेरी अक्षरांवरच, ग्रंथपालबाईंनी बारकोड चिकटवला. सव्वीस वर्षं मी या वाचनालयातली पुस्तकं नुसत्या पाठीवरून ओळखतो. आता ती लाल दिव्याला दाखवायची, त्याने 'टूं' म्हटलं की मगच ते पुस्तक. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द — आणि हे चौथं प्रमाण, टूं! बाईंना तसं ऐकवलं. म्हणाल्या, "सर, तुमच्या स्मरणशक्तीचा प्रिंटआउट निघत नाही हो."

घरी हिला सांगितलं. हसली. "माझ्यावरही एक चिकटवा. हरवायला नको."

गुरुवारी हिच्या काखेतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढणार आहेत. बाकी विशेष नाही.

मंगळवार, ५

एक स्टिकर बाईंच्या थर्मासच्या पोटावर लावला. यंत्रात नोंद केली — 'तर्कशास्त्र, खंड तिसरा. बांधणी मजबूत, आतला मजकूर गरम.' संध्याकाळी दारावरच्या रखवालदाराला स्टिकर दिसला. टूं!

"बाई, हे तुमच्या नावावर नाही. बाहेर नेता येणार नाही."

"अरे, थर्मास आहे तो!"

"यंत्र पुस्तक म्हणतंय. नियम तुमचाच."

बाई थर्मास ठेवून गेल्या. मी कपाटाआड तोंडात रुमाल कोंबून उभा.

बुधवार, ६

बाईंनी उट्टं काढलं. माझ्या चष्म्याच्या घरावर स्टिकर — 'दुर्मिळ विभाग. जागेवरच वाचावे.' रखवालदार म्हणजे हरिश्चंद्राचा अवतार! चष्मा वाचनालयात, मी घरी. वर्तमानपत्र हिने वाचून दाखवलं, मधूनमधून मनच्या बातम्या घालून. तिसऱ्या बातमीला कळलं.

निघण्यापूर्वी एक स्टिकर हिच्या पर्ससाठी खिशात टाकला होता. तोही रीतसर नोंदवून. वाचक: मी. परतीची तारीख रिकामी सोडली, तर यंत्र अडून बसलं — 'तारीख आवश्यक.' २०९९ साल टाकलं. निमूट घेतलं.

गुरुवार, ७

तुकडा काढला. हिच्या मनगटाला नर्सने पट्टा बांधला, वर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. ही म्हणते, "घ्या! तुमचा स्टिकर पर्सवर, यांचा थेट माणसावर." नर्सने यंत्र धरलं — नाव बरोबर, वयही बरोबर. लग्नात चोरलेली दोन वर्षंसुद्धा वसूल!

पावतीवरही तसाच चौकोन आहे. अहवाल तयार झाला की त्यावर मोबाइल धरायचा, दिसतो. पावती मी व्याकरणाच्या पुस्तकात ठेवली. ते पुस्तक ही कधी उघडत नाही.

शनिवार, ९

पावती जागेवर आहे. दोनदा पाहिली. मोबाइल मात्र धरला नाही. हिने विचारलं, "आला का हो अहवाल?" म्हटलं, अजून नाही. "बरं," म्हणाली.

सोमवार, ११

बाईंनी थर्मास रीतसर स्वतःच्या नावावर काढून नेला. मुदत चौदा दिवस! घरी हिला नक्कल करून दाखवली, रखवालदारासकट. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

पावती जागेवर आहे.

मंगळवार, १२

सकाळी ही बॅग भरताना दिसली. म्हणाली, "उद्या दाखल व्हायचंय. गाठ वाईट निघाली. डॉक्टरांशी बोलले मी. शनिवारी रात्रीच पाहिला अहवाल."

पावती?

"तुमच्या व्याकरणात. दुसरीकडे कुठे ठेवणार तुम्ही! पाहून परत ठेवली. म्हटलं, थर्मासची गोष्ट संपू दे."

तीन दिवस ती एकटीच हे घेऊन वावरली. मी पावती जागेवर आहे का, तेवढंच बघत होतो.

मला फार भीती वाटते आहे.